डिस्क आत आहे, वाचणारा गेला

माझ्या पिढीने सगळ्यात घाबरून वाचलेलं वाक्य कुठल्याही भयकथेत नाही. ते प्लेस्टेशन २ च्या लाल पडद्यावर येतं आणि अतिशय सभ्य आहे: कृपया प्लेस्टेशनची किंवा प्लेस्टेशन २ ची डिस्क घाला. गंमत अशी की हे वाचताना डिस्क बऱ्याचदा आतच असते. काल चाललेली, आज सकाळी फडक्याने पुसलेली, अगदी बरोबर बाजूने ठेवलेली.

या वाक्याकडे जरा नीट बघा. यंत्र स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘मला दिसत नाहीये’ असं ते म्हणत नाही, ‘तुम्ही दिलेली वस्तू बरोबर नाही’ असं सुचवतं. चष्म्याचा नंबर वाढलाय हे मान्य न करता पोरांचं अक्षरच वाईट म्हणणारे मास्तर आठवतात. मग आपण डिस्क पुन्हा पुसतो, फुंकर मारतो, शर्टाला घासतो. दोष मात्र तिचा नसतोच. गेलेला असतो तो ड्राइव्ह.

हा लेख त्या गेलेल्या ड्राइव्हबद्दल आहे. दुरुस्तीची कृती हवी असेल तर व्हिडिओ भरपूर आहेत, ते बघा. मला बोलायचंय ते वाचनाबद्दल. गेम्सवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं त्यात कथा, ग्राफिक्स, हिंसा आणि व्यसन या चार गोष्टींच्या पलीकडे फारसं कोणी जात नाही. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांबद्दल बोलताना आपण सायक्लोस्टाइलचा उल्लेख करतोच, कारण त्या पुसट शाईचा आणि स्वस्त कागदाचा त्या लिखाणाशी संबंध होता. गेमच्या बाबतीत मात्र तो ज्या यंत्राने वाचला जातो ते यंत्र आपण टेम्पोसारखं धरतो. माल आणून टाकला, काम संपलं. हे चूक आहे, आणि ड्राइव्ह बिघडला की ते पहिल्यांदा लक्षात येतं.

आतला वाचक

आधी तो वाचतो कसा ते बघू. डिस्कवर आतून बाहेर जाणारी एकच सलग नागमोडी रेघ असते आणि त्या रेघेत सूक्ष्म खड्डे. लेझरचा किरण त्यावर पडून परत येतो, आणि खड्डा व सपाटी यांतल्या फरकावरून यंत्र शून्य आणि एक वाचतं. सीडीसाठी लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५०, ब्लू-रेसाठी ४०५. किरण जितका बारीक, तितकी रेघ बारीक. ब्लू-रेवर दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर ०.३२ मायक्रोमीटर असतं. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा दोनशेच्या वर फेऱ्या मावतील.

एवढ्या बारीक रेघेवरून वेगाने फिरणाऱ्या डिस्कचं वाचन करायचं, तेही डिस्क थोडी वाकडी असताना. म्हणून लेन्स छोट्या चुंबकीय गुंडाळ्यांवर तरंगत असते आणि सतत वर-खाली, आत-बाहेर होत स्वतःला सावरते. तिच्याखालची गाडी रुळावरून सरकते. यातलं काहीही बिघडू शकतं. लेन्सवर धूळ बसते, लेझरचा डायोड मंदावतो, रुळावरचं ग्रीस सुकतं, डिस्क फिरवणारी मोटर झिजते, डिस्क आत ओढणारे रबरी रोलर गुळगुळीत होतात.

पहिल्या प्लेस्टेशनची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आला. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये लेझरची गाडी प्लॅस्टिकच्या रुळावर चालायची. रूळ झिजला की गाडी किंचित तिरकी व्हायची आणि नेम चुकायचा. यावर जगभरच्या पोरांनी शोधलेला उपाय म्हणजे कन्सोल उलटा किंवा उभा ठेवून खेळणं. गुरुत्वाकर्षणाची बाजू बदलली की झिजलेला भाग थोडा निभावून न्यायचा. माझ्या मते हा वाचक आणि यंत्र यांच्यातला समजूतदारपणाचा काळ होता. यंत्र म्हातारं झालं तर त्याला कुशीवर वळवायचं, बस.

दार, ससा आणि फ्रीक्वेन्सी

आता खुद्द गेम्सकडे वळू. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ घ्या. एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होतो, फक्त एक दार दिसतं आणि ते सावकाश उघडतं. ही काही दिग्दर्शकीय चैन नव्हती. ड्राइव्ह पुढची खोली वाचत होता, तोवर प्रेक्षकाला काहीतरी दाखवायला हवं होतं. पण झालं काय? त्या काही सेकंदांत दारापलीकडे काय असेल याची भीती साचायला जागा मिळाली. ड्राइव्हचा संथपणा भीतीचा भाग झाला. २०१९ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल २’ नव्याने केला तेव्हा ती मधली दारं गेली. आता दार तुमच्या समोर, चालता चालता उघडतं. तो गेमही उत्तम आहे, पण त्याची भीती वेगळ्या जातीची आहे. जुन्यात तुम्हाला थांबवलं जायचं, नव्यात तुमच्या मागे कोणीतरी लागलेलं असतं.

याच्या उलट टोकाला त्याच वर्षीचा ‘क्रॅश बँडिकूट’. प्लेस्टेशनची मेमरी जेमतेम २ मेगाबाइट. नॉटी डॉगच्या मंडळींनी प्रत्येक टप्प्याचे ६४ किलोबाइटचे तुकडे केले आणि क्रॅश पळत असताना पुढचे तुकडे डिस्कवरून सतत उचलत राहिले. म्हणून ते जंगल इतकं दाट दिसतं. ड्राइव्हकडून अपेक्षेपेक्षा किती जास्त वाचन करून घेतलं जातंय यावर तेव्हा चिंता झाली होती, हेही त्या मंडळींनी नंतर सांगितलं आहे. म्हणजे तुम्ही नारळाच्या झाडांमधून पळत होता तेव्हा खाली एक बिचारी लेन्स तुमच्यापेक्षा जास्त पळत होती. तो गेम ड्राइव्ह झिजवून मिळालेलं सौंदर्य आहे.

आणि मग १९९९ चा ‘व्हिब-रिबन’. मासाया मात्सुउरा यांच्या चमूने केलेला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या एका सशाचा गेम. तो इतका लहान होता की पूर्णपणे मेमरीत मावायचा. एकदा चालू झाला की गेमची डिस्क बाहेर काढायची आणि आपल्याकडची कुठलीही गाण्यांची सीडी आत घालायची. गेम ती ऐकून रस्ता तयार करायचा. लता मंगेशकरांची सीडी घातली तर तो ससा लताबाईंच्या सुरावर चालणार. गेम बनवणाऱ्यांनी तुमच्या घरातलं कपाट कधी पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी त्याला जागा ठेवली होती. ‘मॉन्स्टर रँचर’नेही १९९७ मध्ये असंच केलं होतं: कुठलीही सीडी घाला, तिच्यातून एक राक्षस जन्माला येईल. २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली ती ड्राइव्ह नसलेल्या यंत्रांवर. मग काय केलं? सीडींची एक यादी दिली, त्यात नाव शोधा आणि राक्षस घ्या. तडजोड हुशारीची आहे. पण कपाटातून सीडी काढून घालणं आणि यादीतून नाव निवडणं यांत, आजीच्या हातच्या पोळीत आणि मेन्यूकार्डवरच्या पोळीत असतो तेवढा फरक आहे.

डिस्क या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त विचार केलेला गेम मात्र १९९८ चा ‘मेटल गिअर सॉलिड’. त्यात एका पात्राशी रेडिओवर बोलायला फ्रीक्वेन्सी लागते आणि ती सीडीच्या डबीच्या मागे आहे असं सांगितलं जातं. थोडं आधीच कथेतल्या नायकाला एक डिस्क मिळालेली असते, म्हणून खेळणारा तीच उलटीपालटी करत बसतो. खरं उत्तर तुमच्या टेबलावरच्या खऱ्या डबीच्या मागे छापलेल्या चित्रात: १४०.१५. आपल्याकडे ज्यांनी हा गेम प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतून आलेल्या नकली डिस्कवर खेळला, त्यांच्याकडे डबीच नव्हती. चोरीचा गेम खेळणाऱ्याला कथाच एका दारापाशी अडवायची, तेही कुठलंही कुलूप न लावता. मला हा विनोद आजही आवडतो, कारण त्यात धमकी नाही. मित्राला फोन केला की काम व्हायचं.

दहा वर्षांनी, २००८ च्या चौथ्या भागात, त्याच जुन्या जागी परतल्यावर सहकारी नायकाला डिस्क बदलायला सांगतो आणि मग त्याला आठवतं की आता ब्लू-रे आहे, बदलायची गरजच नाही. हसू येतं आणि जरा वाईटही वाटतं. डिस्क बदलायला उठणं हे नाटकातल्या मध्यंतरासारखं होतं, आणि कोणाला तरी ते संपल्याची नोंद घ्यावीशी वाटली.

हयातीचा दाखला

इथपर्यंत ड्राइव्ह वाचक होता. पुढे त्याची नोकरी बदलली, आणि माझी तक्रार तिथे सुरू होते.

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. तेव्हापासून गेम डिस्कवरून थेट चालत नाही. तो आतल्या साठवणीवर उतरवला जातो आणि तिथूनच चालतो. प्लेस्टेशन ५ मध्ये तर एसएसडी इतकी वेगवान आहे की डिस्क तिच्यापुढे बैलगाडी. मग गेम पूर्ण उतरवून झाल्यावरही डिस्क का घालावी लागते? पुरावा म्हणून. हा गेम तुमचा आहे एवढंच दाखवायला.

निवृत्त माणसाला दर वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसंच हे. माणूस काउंटरसमोर धडधाकट उभा, पण दाखला कुठाय? अशा कन्सोलचा ड्राइव्ह गेला की गेम आत पूर्णच्या पूर्ण असतो, तुमची प्रगती आत असते, विकत घेतलेली डिस्क हातात असते. फक्त डिस्ककडे बघून ‘हो, आहे’ म्हणणारा कारकून गेलेला असतो. म्हणून काहीच चालत नाही. प्लेस्टेशन २ चा ड्राइव्ह गेला तर वाचन थांबायचं. आता ड्राइव्ह गेला तर वाचन शक्य असूनही परवानगी थांबते. दोन्हीकडे पडद्यावर ‘डिस्क घाला’ असंच येतं, पण अर्थ पूर्ण बदललाय.

जाता जाता: प्लेस्टेशन ४ आणि ५ गाण्यांची सीडी वाजवत नाहीत. व्हिब-रिबनच्या सशाला त्यांच्या घरात प्रवेश नाही.

लग्न लावलेला ड्राइव्ह

माझ्याकडे एक जुना कन्सोल आहे, कुठला ते सोडा. तो मावसभाऊ परदेशी गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला, सोबत तेवीस डिस्क. काहींच्या डब्यांत त्याने हाताने लिहिलेले चीट कोड आहेत. तीन वर्षांपूर्वी ड्राइव्हने डिस्क ओळखणं बंद केलं. दुकानात नेला. मी म्हटलं, ड्राइव्हच नवीन टाका ना. दुकानदार हसला.

“ताई, नवीन टाकून चालणार नाही. ड्राइव्हचं आणि मदरबोर्डचं लग्न लागलेलं असतं. जुन्याचं सर्किट ठेवू, फक्त लेन्स बदलू.”

“आणि सर्किटच गेलं असतं तर?”

“मग हा कन्सोल शोभेला ठेवायचा.”

लग्न हा शब्द त्याने गमतीने वापरला नव्हता. जगभर दुरुस्तीवाले हाच शब्द वापरतात. एक्सबॉक्स ३६० मध्ये प्रत्येक ड्राइव्हच्या सर्किटवर एक गुप्त किल्ली असते आणि ती त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी जुळावी लागते. प्लेस्टेशन ३ आणि ४ मध्येही ड्राइव्हचं छोटं सर्किट मदरबोर्डशी बांधलेलं आहे. म्हणून शेजारच्या बंद कन्सोलमधला धडधाकट ड्राइव्ह उचलून तुमच्यात बसवला तर तो बसतो, फिरतो, पण गेम चालवत नाही. घटस्फोटाची सोय नाही आणि जोडीदार गेला तर दुसरं लग्नही नाही.

कंपन्यांची बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. एक्सबॉक्स ३६० वर नकली डिस्क चालवण्याचा मोठा मार्ग ड्राइव्हचं फर्मवेअर बदलणं हाच होता. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप’ बसवून घेतलेल्या प्लेस्टेशन २ वर वाढलेल्या आपण लोकांनी चाचेगिरीला काल्पनिक म्हणणं शोभत नाही. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. चोर येईल म्हणून दाराला कुलूप लावणं समजू शकतं. कुलूप गंजलं तर घरच पाडावं लागेल, अशी रचना समजू शकत नाही.

हे फक्त माझं म्हणणं नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये कॉपीराइट कायद्याला एक सवलत मिळाली: कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं संरक्षण ओलांडलं तर चालेल, मात्र दुरुस्तीनंतर ते पुन्हा जागेवर बसवलं पाहिजे. कन्सोलच्या सगळ्या भागांमधून सवलत मिळाली ती याच एका भागाला, यावरून हा भाग किती जातो आणि किती अडवतो ते कळतं. पण पुढच्या वर्षांत मिनेसोटा, कॅलिफोर्निया आणि ओरेगन या राज्यांनी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले तेव्हा तिन्हींनी गेम कन्सोलला त्यातून वगळलं. ओरेगनने २०२४ मध्ये सुटे भाग असे ‘लग्न लावून’ बांधण्यावरच बंदी आणली. कन्सोलची लग्नं तेवढी शाबूत राहिली.

२०२३ च्या सडपातळ प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह सुटा निघतो. बातमी चांगली वाटते. पण तो पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदणी करावी लागते. तो सर्व्हर आणखी वीस वर्षांनी चालू असेल का, याचं उत्तर ड्राइव्हच्या डब्यावर छापलेलं नाही. २०२४ च्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये ड्राइव्ह नाहीच, हवा तर वेगळा घ्या. वाचक आता ऐच्छिक विषय झाला आहे.

मग डिस्क कशाला?

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, कशाला हा पसारा? डाउनलोड करा, खेळा. ड्राइव्हच नसेल तर बिघडणार काय?

खरं आहे, आणि डिस्क म्हणजे अमरत्व असंही नाही. ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम त्याच दिवशी संपला. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी तर काही कार्ड अशी निघतात की त्यात गेम नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची परवानगी असते. वस्तू हातात असणं पुरेसं नाही, तिच्यात मजकूर असायला हवा आणि तो वाचणारं कोणीतरी असायला हवं.

तरी डिस्कने एक गोष्ट शक्य केली होती जी डाउनलोडने केली नाही: देणं. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा जुने गेम दुसऱ्याला देण्यावर अटी होत्या आणि चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला हजेरी लावायची होती. जूनमध्ये सोनीने काही सेकंदांचा एक व्हिडिओ काढला. गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एकाने डबी पुढे केली, दुसऱ्याने घेतली, धन्यवाद म्हटलं, संपलं. लोकांच्या रागापुढे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात माघार घेतली. समीक्षक म्हणून मला तो व्हिडिओ त्या वर्षातला सगळ्यात नेमका मजकूर वाटतो. आणि तो काढणारी कंपनी अकरा वर्षांनी ड्राइव्ह वेगळा विकते, हे त्याचं उपरोधिक उपसंहारासारखं काहीतरी आहे.

आपलं बरंचसं मराठी वाचन हातोहात आलेल्या पुस्तकांवर झालंय. वाचनालयाचा शिक्का, आतल्या पानावर कोणाचं तरी नाव, समासात कोणाची तरी शाई. मावसभावाच्या डब्यांतले चीट कोड त्याच जातीचे आहेत. त्याच्या ऑनलाइन खात्यात आणखी बरेच गेम आहेत. ते मला तो देऊ शकत नाही, कारण ते त्याचे नाहीत, त्याला वापरायला दिलेले आहेत. कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून कायदाच केला की अशा ठिकाणी सरळ ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल तर हा केवळ परवाना आहे हे स्पष्ट सांगा. निदान शब्द तरी खरे वापरा, एवढीच ती मागणी आहे.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. ते खेळायचे तर जुनी डिस्क, जुना कन्सोल आणि चालू ड्राइव्ह हवा, नाहीतर कायद्याच्या कडेने जाणारे मार्ग. ड्रीमकास्टसारख्या यंत्रांत हौशी लोक आता ड्राइव्ह काढून त्या जागी मेमरी कार्ड वाचणारं सर्किट बसवतात. मोटर नाही, लेन्स नाही, झिजायला काही नाही. शुद्धतावाद्यांना ते पटत नाही. मला पटतं. वाचक बदलला तरी चालेल, वाचन चालू राहायला हवं.

म्हणून यापुढे कन्सोलचं परीक्षण लिहिणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. पडदा किती तेजस्वी, फ्रेम किती, हे सगळं लिहा. सोबत हेही लिहा की याचा ड्राइव्ह गेला तर काय होतं. कोण बदलू शकतं, कुठला भाग कोणाशी बांधलाय, नोंदणीचा सर्व्हर बंद झाला तर काय. पुस्तकाच्या परीक्षणात बांधणी उसवते का हे लिहायची पद्धत आपल्याकडे होती, कारण पुस्तक दुसऱ्याच्या हातात जाणार हे गृहीत होतं. गेमही दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर उसवल्यावर तो शिवता येतो का, हा गुणवत्तेचाच प्रश्न आहे.